नागपूरचा २००० चा सामना: ठरवलं, पण केलं नाही. फिक्सिंगला तुरुंग हवा का?

धंतोलीकर

१९ मार्च २०००. सिव्हिल लाइन्सचं आपलं जुनं व्हीसीए मैदान, भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका, मालिकेतला पाचवा एकदिवसीय सामना. आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए याने हर्शेल गिब्जला सांगितलं की २० च्या आत बाद हो, १५ हजार डॉलर मिळतील. हेन्री विल्यम्सला तेवढ्याच पैशात १० षटकांत ५० च्या वर धावा द्यायच्या होत्या. संघाची धावसंख्या २७० च्या वर जाऊ द्यायची नाही, हेही ठरलं होतं. दोघंही हो म्हणाले.

प्रत्यक्षात गिब्जने ५३ चेंडूंत ७४ ठोकल्या. विल्यम्सचा खांदा ११ चेंडूंतच गेला. आफ्रिकेच्या ३२० झाल्या आणि सामना त्यांनी १० धावांनी जिंकला. दोघांच्या हाती पैसा आला नाही. क्रोनिएवर आजन्म बंदी आली, या दोघांवर ६ महिन्यांची.

प्रश्न असा की या दोघांना तुरुंग हवा होता का? आणि ठरवल्याप्रमाणे केलं असतं तर किती वर्षं? आपल्या गावच्या मैदानावरचं उदाहरण आहे, म्हणून इथूनच सुरुवात करू. माझं मत असं की फिक्सिंग सिद्ध झालं तर तुरुंग हवाच, पण आधी त्यासाठी वेगळा कायदा हवा. जाणकारांनी चूक असेल तिथे दुरुस्त करावं.

लेगब्रेक

हवाच. बंदीने कोणाचं नुकसान होते ते पाहा ना भाऊ. विशीतल्या पोराचं सगळं जाते, छत्तिशीतल्याचं काहीच जात नाही. जो निवृत्तीला टेकला त्याला १० वर्षांची बंदी म्हणजे कागद. हीथ स्ट्रीकवर २०२१ मध्ये ८ वर्षांची बंदी आली तेव्हा त्याचं खेळणं कधीच संपलं होतं. शिक्षेचं वजन वयावर ठरायला नको, गुन्ह्यावर ठरायला पाहिजे.

महालचा वकील

धंतोलीकर, 'आधी कायदा हवा' हे तुमचं बरोबर आहे. तो का हवा, ते कलमांवरून सांगतो. बातम्यांत 'फसवणुकीचा गुन्हा दाखल' एवढंच येतं आणि पुढे काय झालं ते कुणी छापत नाही.

आपल्याकडे फिक्सिंगसाठी लावलं जाणारं कलम म्हणजे जुनं ४२०. १ जुलै २०२४ नंतर ते भारतीय न्याय संहितेचं ३१८(४), कमाल ७ वर्षं. त्याला तीन गोष्टी लागतात: कुणाला तरी फसवलं, त्या फसवणुकीमुळे त्याने मालमत्ता हातावेगळी केली, आणि फसवणाऱ्याचा हेतू पहिल्यापासून अप्रामाणिक होता. फिक्सिंगचं घोडं दुसऱ्या पायरीवर अडतं. मालमत्ता कुणी कुणाला दिली? प्रेक्षकाने तिकीट आयोजकाकडून घेतलं, गोलंदाजाकडून नाही. सट्टा लावणाऱ्याने पैसे खायवाडीवाल्याकडे (बुकीकडे) लावले, तेही बेकायदा, त्यामुळे तो तक्रार द्यायला ठाण्यात येणार नाही.

कर्नाटक प्रीमियर लीगच्या प्रकरणात नेमकं हेच झालं. जानेवारी २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने खेळाडूंविरुद्धचा खटला रद्द केला. तिकीट काढणाऱ्याला फसवल्यासारखं वाटेल, पण तो पैसे आपखुशीने देतो, म्हणून ४२० लागत नाही. कारवाई करायची तर क्रिकेट मंडळाने शिस्तभंगाची करावी. ते प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं.

आता नागपूरच्या सामन्याचा मुद्दा. 'ठरवलं पण केलं नाही' याला कट म्हणता येईल का? जुनं १२० ब, आता न्याय संहितेचं कलम ६१. जे ठरवलं तो स्वतःच गुन्हा असेल तर नुसतं ठरवणंही कट होतो, पुढे काही करायची गरज नाही. पण ठरवलेली गोष्ट कायद्यात गुन्हाच नसेल, फक्त बेकायदा असेल, तर ठरवण्यापलीकडे एखादी कृती व्हावी लागते. म्हणजे फिक्सिंग हा स्वतंत्र गुन्हा नाही तोवर गिब्ज-विल्यम्सचं 'हो' आपल्या कायद्याच्या हाती लागत नाही. उद्या संसदेने एका ओळीचं कलम केलं तर तेच 'हो' त्या दिवसापासून गुन्हा होईल. वेगळ्या कायद्याने पडणारा सगळ्यात मोठा फरक हा आहे आणि चर्चेत तो येतच नाही.

दिल्ली पोलिसांनी क्रोनिए प्रकरणाचा गुन्हा एप्रिल २००० मध्ये नोंदवला, आरोपपत्र २०१३ मध्ये दाखल झालं आणि कथित मध्यस्थाला इंग्लंडमधून इथे आणता आलं फेब्रुवारी २०२० मध्ये. क्रोनिए २००२ मध्येच विमान अपघातात गेला. चौकशी होईल म्हणून गिब्ज २००६ पर्यंत भारतात खेळायला आला नाही. तुरुंग असो वा नसो, वीस वर्षं टांगती तलवार ही शिक्षा कुठल्याच कायद्यात लिहिलेली नाही.

तर्री पोहे

वकीलसाहेब, मग २०१३ च्या आयपीएल फिक्सिंगमध्ये मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीचा कायदा, कसा काय लावला होता? तिथे तर तिन्ही खेळाडू आत गेले होते.

महालचा वकील

आत गेले ते अटकेत. शिक्षा होऊन नाही. मोक्काला टोळीचं 'सातत्य' लागतं: मागच्या १० वर्षांत ३ वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या दखलपात्र गुन्ह्यांत एकाहून अधिक आरोपपत्रं, आणि न्यायालयाने त्यांची दखल घेतलेली. जुगाराच्या किरकोळ केसेस त्यात बसत नाहीत. शिवाय या खेळाडूचा त्या टोळीशी संबंध होता, तिच्यासाठी तो काम करत होता, हे दाखवावं लागतं. २५ जुलै २०१५ ला दिल्लीच्या पतियाळा हाउस न्यायालयाने श्रीशांत, अंकित चव्हाण, अजित चंडिला यांच्यासह ३६ जणांना आरोपमुक्त केलं. खटला उभाच राहिला नाही. पुढे मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने श्रीशांतवरच्या आजन्म बंदीचा फेरविचार करायला सांगितलं आणि ती ७ वर्षांवर आली.

मोठा कायदा लावला म्हणजे मोठी शिक्षा होते हा गैरसमज आहे. कलम जितकं जड तितका पुरावा जड लागतो.

फुलटॉस

सेशन, म्हणजे ठरावीक षटकांत किती धावा होतील यावरचा सट्टा, कसं चालते हे न समजता शिक्षेचं माप ठरवता येत नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहून राहिलो.

लोकांना वाटते फिक्सिंग म्हणजे सामना हरणं. सामना कोण जिंकणार याचा भाव वेगळा असतो. गोलंदाजाला हाताशी धरून कमवायचं असेल तर पैसा सेशनवर लागते. टी-ट्वेंटीत पहिली ६ षटकं, मग १०, मग १५, आणि पूर्ण डावाची 'लंबी'. समजा ६ षटकांचं सेशन ४६-४८ निघालं. ४८ किंवा जास्त होतील असं वाटणारा ४८ ला 'येस' करतो. ४६ होणार नाहीत असं वाटणारा ४६ ला 'नॉट'. पैसा बरोबरीचा, १० हजाराला १० हजार.

आता पाचव्या षटकात गोलंदाज १४ च्या वर देणार हे एकाच माणसाला माहीत आहे. खूण दिसली की तो चार-सहा खायवाडीवाल्यांकडे ४८ ला येस लावतो. एकाकडे फार नाही, २५-५० हजारांचे तुकडे. एकदम पेटी (लाख रुपये) टाकली तर समोरचा भावच बंद करतो. षटकात १५ गेल्या, सेशन चढून ५४-५६ झालं. आता तेवढ्याच रकमेचं तो ५४ ला नॉट करतो. हिशेब पाहा:

एकूण ४७ किंवा कमी झाल्या: येस हरला, नॉट जिंकला, बरोबरी.
४८ ते ५३ झाल्या: दोन्ही जिंकले, दुप्पट.
५४ किंवा जास्त: येस जिंकला, नॉट हरला, बरोबरी.

म्हणजे हरायचा रस्ताच उरला नाही. सामना कोणीही जिंको. गोलंदाज पुढच्या स्पेलमध्ये तीन बळी घेऊन सामनावीर होऊ शकतो आणि तरी काम झालेलं असते. म्हणून 'एका षटकाने काय फरक पडतो, सामना तर जिंकलाच ना' हा युक्तिवाद मला मान्य नाही. ते एक षटकच विकलेलं असते.

खूण का लागते हेही यातूनच समजते. पैसा षटकाच्या आधी लावायचा असतो. म्हणून खूण आणि पहिला चेंडू यात वेळ काढावा लागते: क्षेत्ररचना बदलणं, बूट बांधणं, वॉर्म-अप. २०१३ मध्ये रुमाल कमरेला खोचणं ही खूण होती असा पोलिसांचा दावा होता.

आणि २०१० मध्ये लॉर्ड्सवर पाकिस्तानी गोलंदाजांनी ठरवून टाकलेले नो-बॉल? आपल्याकडच्या बाजारात नो-बॉलवर भाव निघत नाही. तो नमुना होता. 'खेळाडू माझ्या शब्दावर चालतात' हे गिऱ्हाइकाला पटवायला दाखवलेला. खरा माल पुढे विकायचा होता.

धंतोलीकर

फुलटॉस, हे सेशनचं गणित सगळ्यांनी नीट वाचावं. मग नुकसान कोणाचं?

फुलटॉस

लहान खायवाडीवाला भार अंगावर ठेवत नाही, वरच्याकडे 'कटिंग' करतो, तो आणखी वरच्याकडे. नुकसान शेवटी समोरच्या बाजूने पैसा लावणाऱ्यांवर येते. हुडकेश्वरचा एखादा पोरगा कर्ज काढून नॉट लावतो, वलणाच्या, म्हणजे हिशेब चुकता करायच्या, दिवशी वसुलीवाले घरी येतात. त्याने बेकायदा काम केलं, बरोबर आहे. पण त्याला लुटलं हेही खरं आहे. वकीलसाहेबांनी सांगितलेली अडचण हीच, की तो कायद्याला दिसत नाही.

सीताबर्डीची ताई

मी तुरुंगाच्या विरोधात आहे, निदान खेळाडूच्या बाबतीत. कारण सांगते.

लॉर्ड्सच्या प्रकरणात लंडनच्या न्यायालयाने नोव्हेंबर २०११ मध्ये शिक्षा दिल्या: कर्णधार सलमान बटला ३० महिने, आसिफला १२ महिने, आमीरला ६ महिने आणि दलाल मजीदला २ वर्षं ८ महिने. गुन्हा घडला तेव्हा आमीर १८ वर्षांचा होता. कर्णधाराने सांगितलं आणि त्याने केलं. नागपुरातही असंच, सांगणारा क्रोनिए कर्णधार होता. त्याने दलालाकडे गिब्ज-विल्यम्ससाठी प्रत्येकी २५ हजार डॉलर मागितले होते आणि त्यांना सांगितले १५ हजार, वरचे १० हजार स्वतःसाठी. ज्याच्या हातात पुढचा सामना खेळायचा की बाहेर बसायचं हे असतं, त्याला 'नाही' म्हणणं किती सोपं आहे?

दुसरं म्हणजे इथे जुगार कायद्याखाली खायवाडीवर धाड पडते, दहा मोबाइल, एक लॅपटॉप, टीव्ही, थोडी रोकड जप्त होते, आणि माणूस जामिनावर बाहेर येतो. कायदा १८८७ चा आहे. त्याचा मुख्य सूत्रधार बहुतेक वेळा देशातच नसतो. अशा स्थितीत खेळाडूला ७-१० वर्षांचा कायदा केला तर आत फक्त खेळाडूच दिसतील, कारण तोच सापडतो. त्याचा चेहरा टीव्हीवर आहे, पत्ता मंडळाकडे आहे.

लेगब्रेक

ताई, पण तुम्हीच दिलेल्या आकड्यांत उत्तर आहे. लंडनच्या न्यायालयाने चौघांना एका मापाने मोजलं नाही. कर्णधाराला सगळ्यांत लहान खेळाडूच्या पाचपट. वय, भूमिका, कबुली हे सगळं पाहिलं. आमीर जवळपास तीन महिन्यांत सुटला, २०१६ मध्ये पाकिस्तानकडून परत खेळला. तुरुंगाने त्याचं आयुष्य संपलं नाही.

सीताबर्डीची ताई

परत खेळला कारण वय लहान होतं आणि क्रिकेट मंडळ त्याच्या मागे उभं राहिलं. मर्विन वेस्टफील्डचं काय झालं? एसेक्सचा तरुण गोलंदाज. २००९ मध्ये डरहॅमविरुद्ध एका षटकात १२ धावा द्यायच्या, ६ हजार पौंड. त्याच्या षटकात १० च गेल्या. २०१२ मध्ये ४ महिने तुरुंग. त्याला त्यात ओढणारा म्हणून ज्याचं नाव आलं त्या दानिश कनेरियाने २०१८ पर्यंत नाकारलं, मग कबूल केलं, पण तुरुंगात तो गेला नाही.

महालचा वकील

ताईंनी फार चांगलं उदाहरण काढलं. वेस्टफील्ड आणि नागपूर शेजारी ठेवा. ठरवलेलं दोन्हीकडे पूर्ण झालं नाही. फरक दोन: वेस्टफील्डने प्रयत्न केला आणि पैसे घेतले.

इंग्लंडचा जुगार कायदा २००५ चा. त्याच्या कलम ४२ मध्ये जुगारात लबाडी हा गुन्हा आहे, कमाल २ वर्षं, आणि स्पष्ट लिहिलंय की त्यातून कुणी काही जिंकलं का, जिंकण्याची शक्यता वाढली का, याला महत्त्व नाही. आपल्या ४२० मध्ये जी पायरी अडते ती त्यांनी कायद्यातूनच काढून टाकली. शिवाय लॉर्ड्सवाल्यांवर १९०६ च्या लाचखोरी कायद्याखाली लाच स्वीकारण्याच्या कटाचाही आरोप होता, त्याची कमाल शिक्षा ७ वर्षं. म्हणूनच बटला ३० महिने देता आले. नुसत्या ४२ वर ते शक्य नव्हतं.

आपला भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा लोकसेवकाला लागतो. क्रीडा कोट्यातून रेल्वेत किंवा सरकारी बँकेत लागलेला खेळाडू लोकसेवक ठरतो, पण लाच त्याच्या सरकारी कामासाठी लागते. विदर्भाकडून गोलंदाजी करणं हे बँकेच्या कारकुनाचं सरकारी काम आहे हे सिद्ध करणं अवघड. आणि जो कुठेच नोकरीला नाही तो पूर्ण सुटतो. एकाच षटकासाठी एक लोकसेवक आणि एक मोकळा, हे कुठलं माप?

जामठा एंड

शिक्षेच्या पायऱ्या हव्यात यावर सगळ्यांचं जवळपास एकमत दिसतंय. क्रिकेटच्या नियमांत त्या आधीच आहेत. आयसीसीच्या संहितेत फिक्सिंगला किमान ५ वर्षं ते आजन्म बंदी. सट्टा लावणं आणि आतली माहिती देणं याला १ ते ५ वर्षं. न कळवणं हाही गुन्हा आहे: शाकिब अल हसनने काही विकलं नव्हतं, तीन वेळा संपर्क झाल्याचं कळवलं नाही म्हणून ऑक्टोबर २०१९ मध्ये २ वर्षं, त्यातलं एक निलंबित. ब्रेंडन टेलरने कळवलं, पण चार महिने उशिरा, २०२२ मध्ये साडेतीन वर्षं.

यातली कोणती पायरी फौजदारीत आणायची हा खरा प्रश्न. माझं मत: फक्त पहिली. माहिती देणं आणि न कळवणं याला तुरुंग नको.

यालाही नागपूरचंच उदाहरण आहे. २१ जानेवारी २००७, भारत-वेस्ट इंडीज, तेच सिव्हिल लाइन्स. नागपूर पोलिसांनी दुबईतल्या बुकीचं आणि मार्लन सॅम्युअल्सचं फोनवरचं बोलणं टिपलं. गोलंदाजी कोण सुरू करणार असली संघातली माहिती त्यात होती. मे २००८ मध्ये त्याच्यावर २ वर्षांची बंदी आली. सामना विकल्याचा पुरावा नव्हता. इथे तुरुंग जास्त झाला असता. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सने २०१२ च्या कायद्यात हा भेद ठेवला: निकाल बिघडवण्याला १० वर्षांपर्यंत, आतल्या माहितीवर सट्टा लावण्याला २ वर्षांपर्यंत.

फुलटॉस

माहितीबद्दल असहमत. 'उद्या खेळपट्टीवर पाणी मारलं नाही' एवढ्या वाक्यावर लंबीचा भाव पाच-सात धावांनी हलते. ती विकणाराही विकणाराच.

जामठा एंड

विकत असेल तर मान्य, पैसा हीच कसोटी ठेवू. पण मित्राला बोलता बोलता सांगितलं आणि मित्राने सट्टा लावला, तर खेळाडूला आत टाकाल का? रणजीत ४० च्या वर सामने झालेल्याला दिवसाचे ६० हजार मिळतात, त्याला या धोक्याची शिकवणी मंडळ देतं. जिल्ह्याच्या स्पर्धेतल्या पोराला कुणीच काही सांगितलेलं नसतं, आणि आता त्याचे सामनेही यूट्यूबवर थेट दिसतात. जिथे कॅमेरा तिथे सेशन.

तर्री पोहे

गुजरातमधल्या खोट्या लीगचं तर वाचलंच असेल सगळ्यांनी.

जामठा एंड

मोलीपूर, मेहसाणा जिल्हा, जुलै २०२२. शेत भाड्याने घेऊन दिवे लावले, २१ जणांना, बहुतेक शेतमजूर, सामन्याला ४०० रुपयांनी रंगीत जर्सी घातल्या, यूट्यूबवर आयपीएलसारखं दाखवलं आणि सट्टा रशियातून घेतला. अंपायरला वॉकीटॉकीवर सूचना, तो खूण करणार, गोलंदाज हळू चेंडू टाकणार. पोलिसांनी लीग चालवणाऱ्यांना पकडलं. 'खेळाडूला तुरुंग' एवढंच मोघम कलम लिहिलं तर हे मजूरही त्यात येतात. व्याख्या नीट हवी ती यासाठी.

पुरावा पाहिजे

कायदा झाला असं धरून चालू. खटला कुठे फसतो ते सांगतो, कारण शिक्षा कितीही लिहा, ती पुराव्यावर उभी राहते.

वाईट चेंडू हा पुरावा नाही. फुलटॉस, वाइड, सोडलेला झेल, यातलं काहीही रोज होतं. सिद्ध करायचं असतं ते आधीचं ठरवणं. लॉर्ड्सची केस टिकली कारण कोणत्या षटकाचा कोणता चेंडू नो-बॉल पडणार हे सामन्याच्या आधी दलालाच्या तोंडून व्हिडिओवर होतं, दीड लाख पौंडांच्या नोटांचे क्रमांक नोंदलेले होते, आणि त्यातल्या काही नोटा बट आणि आमीर यांच्या खोल्यांत सापडल्या. आधीचं वाक्य, मैदानातली कृती, नंतरचा पैसा. तिन्हींतला एक दुवा गेला की उरतो तो संशय.

आपल्याकडे काय चुकतं? पहिली गोष्ट फोन टॅपिंगची परवानगी. ती गृहसचिव स्तरावरून लेखी लागते. तातडीत आधी टॅप आणि परवानगी मागून झाली, तर ती ठरलेल्या मुदतीत पक्की करावी लागते. तो कागद कच्चा राहिला की बचावाचा पहिला घाव तिथेच बसतो.

दुसरी, प्रमाणपत्र. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला पूर्वी ६५ ब, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३. जालन्याच्या निवडणूक वादात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये स्पष्ट केलं की मूळ उपकरण हजर करत नसाल तर हे प्रमाणपत्र अनिवार्य. नव्या नमुन्यात हॅश मूल्यही (फाइलचा डिजिटल ठसा) लिहावं लागतं. ध्वनिफीत पेनड्राइव्हवर घेतली, तीच ठाण्याच्या संगणकावर उघडली, परत साठवली, की हॅश बदलण्याचा धोका. जप्तीच्या क्षणी हॅश काढून पंचनाम्यात लिहायचा, तपासासाठी प्रतच वापरायची, मूळ सील.

तिसरी, आवाजाचा नमुना. न्यायदंडाधिकारी तो द्यायला लावू शकतात हे २०१९ पासून स्पष्ट आहे. पण फोनवरचा आवाज दाबलेला, मागे गाड्यांचा गोंगाट, आणि नमुना प्रयोगशाळेत कागद वाचून घेतलेला. बोलण्याची लय जुळत नाही आणि अहवाल 'संभाव्य' असा येतो. नमुना घेताना संशयित संभाषणातलेच शब्द, त्याच वेगाने, पुन्हा पुन्हा म्हणवून घ्यावे लागतात.

चौथी, वेळ. कॉल रेकॉर्डवरची वेळ आणि षटकाची वेळ जुळवायची असते. प्रक्षेपणाचा व्हिडिओ काही सेकंद मागे असतो, मोबाइलवरचा त्याहून मागे. म्हणून स्कोअररची चेंडूगणिक नोंद घड्याळाच्या वेळेसह हवी. ती बहुतेक स्थानिक स्पर्धांत ठेवलीच जात नाही.

आणि पैसा हवाल्याने किंवा अंगडियाने (रोकड पोचवणाऱ्याने) गेला तर बँकेच्या खातेउताऱ्यात काहीच दिसत नाही. चिठ्ठी, नोटेचा क्रमांक, व्हॉट्सॲपवरचा फोटो, तेवढंच.

लेगब्रेक

म्हणजे पुरावा इतका कठीण असेल तर तुरुंगाच्या धाकाने कोणी घाबरेल का?

पुरावा पाहिजे

दलाल घाबरेल. गंभीर गुन्हा असला की टॅपिंगला परवानगी मिळणं, परदेशातून आरोपी आणणं, मालमत्ता गोठवणं, हे दरवाजे उघडतात. दुसऱ्या देशातून आरोपी आणायला तो गुन्हा दोन्हीकडे असावा लागतो. शिस्तभंगासाठी कुठलाच देश माणूस देत नाही. ताईंचा मुद्दा मोठा आहे, पण उत्तर उलट्या दिशेने आहे: गुन्हा ठरवला नाही तर सूत्रधार कधीच हाती लागणार नाही.

सीताबर्डीची ताई

हे पटलं. मग मी माझं म्हणणं असं बदलते: कायदा हवा, पण त्यात फिक्सिंग घडवून आणणाऱ्याची किमान शिक्षा खेळाडूपेक्षा जास्त असावी आणि खेळाडूला किमान शिक्षा लिहूच नये, ती न्यायालयावर सोडावी. श्रीलंकेने २०१९ मध्ये कायदा केला, १० वर्षांपर्यंत. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या लोढा समितीने जानेवारी २०१६ मध्ये आणि विधी आयोगाने २७६ व्या अहवालात, जुलै २०१८ मध्ये, फिक्सिंग हा गुन्हा करावा असं सांगितलं. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, त्यातही सामना विकणाऱ्यासाठी काही नाही.

तर्री पोहे

हे झालं कायद्याचं. क्लबातल्या पोरांना आज काय सांगायचं? जामठा एंड, तुम्हीच लिहा.

जामठा एंड

पहिला संपर्क पैशाचा नसतो. बॅटची स्पॉन्सरशिप, नवा फोन, हॉटेलात जेवण, 'तुझा मोठा चाहता आहे'. मग 'उद्या खेळतो आहेस का', 'खेळपट्टी कशी वाटते'. तिसऱ्या-चौथ्या भेटीला षटकाचा विषय येतो. म्हणून वस्तू घ्यायच्याच नाहीत, आणि घेतली असेल तर स्वतः परत पाठवायची नाही. परत पाठवली की पुरावा गेला आणि घेतल्याचा आरोप मात्र राहिला. नोंद करून अधिकाऱ्याच्या हवाली करायची.

मेसेज पुसायचा नाही, नंबर ब्लॉक करायचा नाही. स्क्रीनशॉट घ्या, पण मूळ संभाषण फोनमध्ये राहू द्या. आपोआप पुसले जाणारे मेसेज असतील तर दुसऱ्या फोनने पडद्याचा व्हिडिओ काढा, नंबर आणि वेळ दिसेल असा. तारीख, जागा, सोबत कोण होतं, नेमके शब्द काय होते, त्याच रात्री कागदावर लिहा. पुरावा गोळा करायला म्हणून पुन्हा भेटायला जाऊ नका. ती भेट तुमच्याच विरुद्ध उभी राहते.

आणि कळवायचं त्याच दिवशी, मंडळाच्या भ्रष्टाचारविरोधी अधिकाऱ्याला. कर्णधाराला किंवा कोचला सांगितलं म्हणजे कळवलं असं होत नाही. नागपूरच्या प्रकरणात तर कर्णधारच खेळाडूंना पैसे देऊ करत होता.

धंतोलीकर

परत माझ्या पहिल्या प्रश्नावर येतो, वकीलसाहेब. एखादा पोरगा गिब्जसारखा आधी हो म्हणाला, आणि सामन्याच्या आदल्या रात्री त्याला वाटलं की हे करायचं नाही. नव्या कायद्यात त्याच्यासाठी दार असेल का?

महालचा वकील

दार माफीच्या साक्षीदाराचं. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३४३, जुनं ३०६. सगळं खरं आणि पूर्ण सांगायच्या अटीवर न्यायदंडाधिकारी माफी देऊ शकतात. पण ही तरतूद फक्त सत्र न्यायालयात चालणाऱ्या, किंवा ७ वर्षांपर्यंत अथवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांना लागते. म्हणजे दया म्हणून कायद्यात कमाल शिक्षा ५ वर्षं लिहिली, तर याच पोराचं दार बंद होतं. एकतर कमाल ७ ठेवा, नाहीतर सामन्याआधी कळवणाऱ्याला सूट असं वेगळं कलम लिहा. मी दुसऱ्याच्या बाजूने आहे, कारण ३४३ मध्ये एक काटा आहे: माफीचा साक्षीदार अटकेत असेल तर खटला संपेपर्यंत त्याला सोडत नाहीत. आणि खटला किती वर्षं चालतो ते वर लिहिलंच आहे.

धंतोलीकर

मग सूटवालं कलमच लिहू. मुदत काय ठेवायची? पहिला चेंडू पडायच्या आत?

महालचा वकील

नाणेफेकीच्या आत. नाणेफेकीनंतर भाव हलू लागतात. आणि कुणाला कळवायचं ते कलमात नावानिशी हवं: भ्रष्टाचारविरोधी अधिकारी किंवा कुठलंही पोलीस ठाणं. जिल्ह्याच्या स्पर्धेला अधिकारी नसतोच, तिथे पोराला ठाणंच जवळ.